अल्फा-रोधक औषधे आणि रुग्णपरिचर्या : एका औषधवर्गाच्या इतिहासाचे पर्यालोचन

१. विषयप्रवेश

औषधांचा इतिहास सांगताना प्रयोगशाळेला अग्रमान देण्याचा प्रघात आहे. द्रव्य कोणी वेगळे केले, त्याची घटना कोणी निश्चित केली, ते बाजारात केव्हा आले, या क्रमाने तो इतिहास लिहिला जातो. रुग्णाच्या खाटेपाशी काय घडले आणि ते कसे ध्यानात आले, हा भाग बहुधा ग्रंथाच्या शेवटी सूचनांच्या स्वरूपात उरतो. अल्फा-रोधक औषधांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. या औषधांचा इष्ट परिणाम आणि त्यांचा प्रमुख धोका या दोन वेगळ्या क्रिया नव्हेत. रक्तवाहिन्यांचे आकुंचन थांबणे ही एकच क्रिया निजलेल्या रुग्णास उपकारक ठरते आणि तोच रुग्ण एकाएकी उभा राहिला तर त्याला भुईवर पाडते.

याचे कारण शरीराच्या एका नित्यक्रमात आहे. मनुष्य उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही काहीसे अधिक रक्त गुरुत्वाकर्षणाने पायांच्या व उदराच्या नीलांकडे उतरते. अनुकंपी चेतासंस्था तत्क्षणी नॉरॲड्रेनॅलीन हे द्रव्य सोडून रक्तवाहिन्या आवळते आणि मेंदूचा रक्तपुरवठा अबाधित राखते. ही आज्ञा रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील ज्या ग्राहीस्थानांवर पोहोचते, त्यांना अल्फा-ग्राही म्हणतात. ती स्थाने अडवून धरणारी औषधे ती अल्फा-रोधक होत. तेव्हा हे औषध घेतलेल्या रुग्णाची अंगस्थिती, म्हणजे तो निजला आहे, बसला आहे की उभा आहे, ही केवळ सोयीची बाब राहत नाही. ती औषधाच्या मात्रेइतकीच निर्णायक होते. या औषधवर्गासंबंधीचे महत्त्वाचे धडे प्रत्येक टप्प्यावर रुग्णाच्या निरीक्षणातून मिळाले आणि आज परिचर्येचे नियम म्हणून जे शिकविले जाते ते त्या धड्यांचेच संक्षिप्त रूप आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२. अर्गट आणि उलटलेला परिणाम

या इतिहासाचा उगम राय नावाच्या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट या बुरशीत आहे. मध्ययुगीन युरोपात ही बुरशी लागलेल्या धान्याची भाकरी खाणाऱ्यांचे हातपाय जळजळत, काळे पडत आणि कधी गळूनही जात. या रोगास संत अँथनीचा अग्नी असे नाव पडले होते. रक्तवाहिन्या इतक्या तीव्रतेने आवळणाऱ्या पदार्थापासून त्यांचे आकुंचन रोखणाऱ्या औषधांचा शोध सुरू व्हावा, हा योग विलक्षण खरा; परंतु अर्गटात एक नव्हे, अनेक क्षारोद आहेत आणि त्यांच्या क्रिया परस्परांहून भिन्न आहेत.

इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल हे १९०४ मध्ये रुजू झाले, आणि हेन्री वेलकम यांच्याच सूचनेवरून त्यांनी अर्गटाचा अभ्यास हाती घेतला. अधिवृक्क ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब चढतो, हे ऑलिव्हर व शेफर यांच्या प्रयोगांमुळे १८९५ पर्यंत सर्वमान्य झाले होते. अशाच अर्काचा एक नमुना तपासणीसाठी डेल यांच्याकडे आला. अर्गट अगोदरच दिलेल्या मांजरावर त्यांनी तो वापरला, तेव्हा दाब चढण्याऐवजी उतरला. डेल यांनी नमुनाच सदोष ठरविला. पुढे तसाच प्रसंग पुन्हा उद्भवला, तेव्हा दोष नमुन्याचा नसून पूर्वी दिलेल्या अर्गटाचा तो प्रभाव आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. आपल्या चुकीची ही हकीकत त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवली आहे. १९०६ च्या त्यांच्या निबंधात हा उलटा परिणाम सविस्तर वर्णिलेला आहे.

आज त्याचा अर्थ लावणे सोपे आहे. ॲड्रेनॅलीन काही स्थानांवर वाहिन्या आवळते, तर काही स्थानांवर त्या सैल करते. पहिली स्थाने अडविली की दुसरीच काय ती कार्यरत राहतात. या प्रयोगाचा व्यावहारिक निष्कर्ष मात्र आजही जीवनमरणाचा आहे. अल्फा-रोधकाच्या अतिमात्रेमुळे रुग्णाचा रक्तदाब कोसळला असता सवयीने ॲड्रेनॅलीन टोचल्यास तो आणखी खाली जाण्याचा संभव असतो. रुग्णास निजवून पाय उंच करणे, शिरेतून द्रव देणे आणि जरूर तर नॉरॲड्रेनॅलीनसारखे औषध वैद्याच्या आज्ञेने योजणे, हाच क्रम योग्य ठरतो. प्रभाग-परिचारिकेस पाठ असलेल्या या नियमाचा उगम एका मांजरावरील प्रयोगात आणि एका प्रामाणिक कबुलीत आहे.

३. ग्राहीस्थानांची विभागणी आणि शस्त्रक्रियेपूर्वीची परिचर्या

डेल यांच्या निरीक्षणाला समाधानकारक उपपत्ती मिळण्यास चार दशके लागली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथे अध्यापन करणाऱ्या रेमंड आल्क्विस्ट यांनी सहा समवर्गीय द्रव्यांच्या क्रियांची निरनिराळ्या अवयवांवर तुलना केली. त्यांची बलाबल-क्रमवारी दोनच प्रकारची येते असे आढळल्यावरून त्यांनी अल्फा व बीटा असे ग्राहींचे दोन वर्ग कल्पिले. औषधिक्रियाविज्ञानाच्या एका मान्यवर नियतकालिकाने नाकारलेला हा निबंध अखेर १९४८ मध्ये शरीरक्रियाविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि काही वर्षे उपेक्षितच राहिला. पुढे जेम्स ब्लॅक यांनी याच कल्पनेच्या आधारे बीटा-रोधक औषधे सिद्ध केली, तेव्हा तिचे मोल सर्वांना उमगले.

दरम्यान अल्फा-रोधक द्रव्ये अवतरली होतीच. १९४७ मध्ये निकर्सन व गुडमन यांनी डायबेनामीनचे वर्णन केले. युद्धकाळात अभ्यासल्या गेलेल्या नायट्रोजन मस्टर्ड या विषारी द्रव्यांशी त्याचे रासायनिक नाते होते. त्याच कुळातील फेनॉक्सिबेन्झामीन हे ग्राहींशी कायमचे जखडले जाते. नवे ग्राही निर्माण होईपर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस, त्याचा प्रभाव टिकतो. याउलट फेंटोलामीनचा बंध सुटणारा आणि त्याचा प्रभाव अल्पकालीन.

या दोन्ही औषधांना खरे कार्यक्षेत्र लाभले ते फिओक्रोमोसायटोमा या अर्बुदाच्या चिकित्सेत. बहुधा अधिवृक्क ग्रंथीत उद्भवणारे हे अर्बुद ॲड्रेनॅलीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचे लोट रक्तात सोडते. १९२६ मध्ये लोझान येथे रू यांनी आणि रॉचेस्टर येथे चार्ल्स मेयो यांनी अशी अर्बुदे काढून दाखविली, तरी शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाबाचे उधाण आणि अर्बुद निघताच त्याची घसरण यांमुळे मृत्यूचे भय फार असे. विसाव्या शतकाच्या मध्यास निदानासाठी फेंटोलामीनची चाचणी करीत. रुग्ण शांत निजलेला असताना ५ मिलिग्रॅम औषध शिरेतून द्यावयाचे. पहिली तीन मिनिटे दर अर्ध्या मिनिटाने आणि पुढील सात मिनिटे दर मिनिटाने रक्तदाब नोंदवावयाचा. आकुंचनकालीन दाब ३५ आणि प्रसरणकालीन दाब २५ मिलिमीटरांहून अधिक उतरल्यास अर्बुदाचा संशय धरावयाचा. मूत्रातील व रक्तातील द्रव्ये मोजण्याची साधने आल्यावर ही धोक्याची आणि चकविणारी चाचणी मागे पडली. तथापि ठराविक अंतराने घेतलेली दाबाची नोंद हेच येथे निदानाचे साधन होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे एक ते दोन आठवडे अल्फा-रोधक देऊन रुग्णास तयार करण्याची पद्धत मात्र दृढ झाली. तीत दोन पथ्ये अटळ ठरली. आकुंचन पावलेल्या वाहिन्या सैल होऊ लागल्या की त्यांत पुरेसे रक्तद्रव असावे लागते, म्हणून मीठ व पाणी भरपूर द्यावे लागते. दुसरे असे की बीटा-रोधक कधीही प्रथम देता येत नाही. वाहिन्या सैल करणारी स्थाने आधी अडविली गेल्यास आकुंचनाला आवर राहत नाही आणि दाब भडकतो. येथे औषधांचा क्रम हाच उपचार होय. सकाळच्या गोळ्या वाटणाऱ्या हाताला हा क्रम ठाऊक असला पाहिजे.

४. प्राझोसिन : पहिल्या मात्रेचा धडा

फेंटोलामीनने रक्तदाब उतरे, पण हृदय जोराने धडधडे. त्यामुळे सामान्य रक्तदाबविकारात या औषधांचा उपयोग होईना. यामागील एक महत्त्वाचे कारण १९७४ मध्ये स्पष्ट झाले. चेतातंतूंच्या टोकांवरही अल्फा-ग्राही असतात आणि ते नॉरॲड्रेनॅलीनच्या स्रावाला लगाम घालतात, असे लँगर यांनी प्रतिपादिले. रक्तवाहिन्यांवरील स्थाने अल्फा-१ आणि ही लगाम घालणारी स्थाने अल्फा-२. जुनी औषधे दोहोंना अडवीत. त्यामुळे लगाम सुटून हृदयावर अधिक स्राव होई. फायझर कंपनीचे प्राझोसिन हे औषध त्याच सुमारास प्रचारात आले. प्रारंभी ते वाहिन्यांच्या स्नायूंवर थेट क्रिया करते असा समज होता. ते मुख्यतः अल्फा-१ स्थानांनाच अडविते हे मागाहून सिद्ध झाले.

औषध गुणकारी होते. परंतु १९७५ च्या सुमारास ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांतून चमत्कारिक वृत्ते येऊ लागली. गोळी घेतल्यावर अर्ध्या ते दीड तासात काही रुग्ण उभे राहताच मूर्च्छित होऊन पडत. पहिली मात्रा २ मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास शेकडा सुमारे एकास असे घडे. लघवी वाढविणारे औषध घेणारे किंवा मिठाचे पथ्य पाळणारे रुग्ण विशेष बळी पडत. नवल असे, की तीच मात्रा काही दिवसांनी त्याच रुग्णास सोसत असे. या प्रकारास पहिल्या मात्रेचा परिणाम असे नाव मिळाले.

निजलेल्या रुग्णाचा दाब मोजून हा धोका कळत नव्हता. कारण त्या स्थितीत दाबाची घट माफक असे. तो कळला रुग्ण उठल्यावर. यातून जे नियम निघाले ते सर्वस्वी परिचर्येचे आहेत. पहिली मात्रा अर्धा ते एक मिलिग्रॅम इतकी अल्प असावी आणि ती रात्री निजतेवेळी द्यावी. तिच्यानंतर रुग्णास एकट्याने उठू देऊ नये. रात्री लघवीस उठणाऱ्या वृद्धाकडे विशेष लक्ष असावे. उठताना प्रथम कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून काही काळ खाटेच्या कडेवर बसावे आणि नंतरच उभे राहावे. मात्रा वाढविताना सावकाश वाढवावी. सर्वांत दुर्लक्षित नियम असा, की काही दिवस औषध चुकले असेल तर मागील मात्रेवरून नव्हे, पुन्हा अगदी पहिल्या मात्रेपासून आरंभ करावा. शस्त्रक्रियेसाठी किंवा प्रवासामुळे खंड पडलेला रुग्ण औषधाच्या दृष्टीने पुनश्च नवा रुग्ण असतो.

दाब मोजण्याची रीतही यातूनच निश्चित झाली. रुग्ण पाच मिनिटे निजल्यावर एकदा, उभा राहिल्यावर एका मिनिटाने दुसऱ्यांदा आणि तीन मिनिटांनी तिसऱ्यांदा दाब घ्यावा. उभे राहिल्यावर आकुंचनकालीन दाब २० किंवा प्रसरणकालीन दाब १० मिलिमीटरांनी उतरल्यास तो अंगस्थितिजन्य न्यूनदाब समजावा, अशी व्याख्या १९९६ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने स्वीकारली.

५. महाड येथील अनुभव

प्राझोसिनच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण महाराष्ट्रात घडले. कोकणात लाल विंचवाचा दंश ही पिढ्यानपिढ्यांची आपत्ती होती. पेंढा, जांभ्याचे गडगे, घराचे छप्पर अशा ठिकाणी वावरणाऱ्या या प्राण्याचे विष चेतातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे प्रारंभी उलट्या, घाम आणि लाळ, व नंतर अनुकंपी चेतासंस्थेचा प्रक्षोभ असा क्रम दिसतो. हातपाय बर्फासारखे गार पडतात, दाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण, विशेषतः लहान मूल, दगावते.

रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील) महाड परिसरात सेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दंश झालेल्या रुग्णांच्या खाटेशी बसून हा क्रम तपशीलवार टिपला. सारे अनर्थ अल्फा-ग्राहींच्या अतिरेकी उद्दीपनातून येत असतील, तर ती स्थाने अडविणारे औषध हाच त्यावरील तर्कशुद्ध उतारा, या विचाराने त्यांनी प्राझोसिन योजिले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेले त्यांचे निवेदन १९८६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या नोंदींनुसार प्राझोसिनपूर्व काळात गंभीर दंशाच्या रुग्णांत शेकडा तीसपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण पुढे शेकडा एकाच्याही खाली आले. शिरेतून द्यावयाच्या वाहिनीविस्फारक औषधांना अखंड देखरेख आणि साधने लागतात. प्राझोसिनची साधी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातही देता येते. या उपचाराचे सामाजिक मोल यातच आहे.

परंतु गोळी देणे सोपे म्हणून परिचर्या सोपी झाली नाही. मोठ्या माणसास ५०० आणि मुलास २५० मायक्रोग्रॅम, तीन तासांनी पुन्हा आणि नंतर दर सहा तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत, असा मात्रेचा क्रम ठरला. म्हणजे औषध केव्हा थांबवावे हे सांगणारे साधन यंत्र नसून रुग्णाच्या तळव्यावर ठेवलेला हात होय. उलट्या व घाम यांनी अंगातील पाणी आधीच आटलेले असते. ते भरून न काढता वाहिन्या सैल केल्यास दाब कोसळतो, म्हणून तोंडाने पाणी देत राहावे लागते. आणि पहिल्या मात्रेचा धडा येथेही लागू आहे. कळवळणाऱ्या लेकराला उचलून कडेवर घेण्याची आईची ओढ स्वाभाविक असते; पण औषध दिल्यावर मुलाला उभे धरणे हेच संकटाचे कारण होऊ शकते. त्या मातेस समजावून मुलाला आडवे ठेवविणे, हे परिचारिकेचे काम औषधोपचाराहून वेगळे मानता येणार नाही.

२०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाड येथील चाचणीत ७० रुग्णांचे दोन समान गट केले होते. प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविष-लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत बरे झाले. केवळ प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. म्हणजे लसीची जोड मिळाल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्याच संशोधकांनी आपल्याच पूर्वीच्या उपचारात भर घालून दाखविले.

६. क्षेत्रविस्तार आणि दोन इशारे

दरम्यान या औषधांना दुसरे क्षेत्र लाभले. वृद्ध पुरुषांत अष्ठीला ग्रंथी वाढून मूत्रमार्ग अडतो. जेरुसलेमच्या मार्को केन यांनी १९७५ च्या सुमारास या ग्रंथीत आणि मूत्राशयाच्या मुखाशी अल्फा-ग्राही असल्याचे दाखविले. अडथळ्याचा काही भाग स्नायूंच्या आकुंचनाचा असून तो औषधाने सैल होऊ शकतो, हा विचार यातून रुजला. टेराझोसिन व डॉक्साझोसिन ही दीर्घकाल टिकणारी औषधे प्रथम रक्तदाबासाठी आणि १९९० च्या दशकात अष्ठीलेसाठीही मान्य झाली. मूत्रमार्गातील ग्राहींवर अधिक क्रिया करणारे टॅमसुलोसिन १९९३ मध्ये जपानात प्रचारात आले. त्याने दाब कमी उतरतो. तथापि घेरी येण्याचा संभव सर्वस्वी नाहीसा होत नाही.

यानंतर दोन इशारे मिळाले. पहिला, १९९४ मध्ये अमेरिकेत आरंभिलेल्या 'ऑलहॅट' या विशाल चाचणीतून. तीत क्लोरथॅलिडोन व डॉक्साझोसिन यांची तुलना २४,३३५ रुग्णांत केली होती. डॉक्साझोसिनच्या गटात हृदयविफलतेचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळल्यामुळे २००० मध्ये तो गट मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. दोन्ही गटांतील दाबात फरक अवघा दोन-तीन मिलिमीटरांचा होता. दाबाचा आकडा सुधारणे आणि रुग्ण सुधारणे या गोष्टी एक नव्हेत, हे यावरून उघड झाले. रक्तदाबासाठी प्रथम निवडीचे औषध हे अल्फा-रोधकांचे स्थान तेव्हापासून गेले. परिचारिकेच्या तक्त्यात दाबाबरोबर वजन, घोट्यांची सूज आणि धाप यांची नोंद का असावी, याचे उत्तर येथे मिळते.

दुसरा इशारा नेत्रशल्यतज्ज्ञांकडून आला. टॅमसुलोसिन घेणाऱ्या रुग्णांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कनीनिका ढिली पडून लहरते आणि बाहुली आकसते, असे चँग व कँपबेल यांनी २००५ मध्ये निवेदिले. औषध काही दिवस आधी बंद केल्याने हा धोका खात्रीने टळत नाही. शल्यतज्ज्ञास पूर्वकल्पना असली तर मात्र त्याला आपली रीत बदलता येते. तेव्हा "लघवीसाठी काही गोळ्या घेता का, किंवा पूर्वी घेत होता का?" हा एक प्रश्न डोळा वाचवू शकतो. वार्धक्यात मोतीबिंदू आणि अष्ठीलावृद्धी एकाच मनुष्यास गाठतात, आणि नेत्रशिबिरात येणारा वृद्ध लघवीची गोळी ही डोळ्याच्या वैद्याला सांगण्याजोगी बाब आहे असे मानीत नाही. प्रश्न विचारणाऱ्यानेच तो विचारला पाहिजे. त्याचप्रमाणे लैंगिक दुर्बलतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांनी दाब आणखी उतरतो. संकोचामुळे न सांगितली जाणारी ही माहितीही सौजन्याने काढून घ्यावी लागते.

७. निष्कर्ष

वरील पर्यालोचनावरून असे दिसते, की अल्फा-रोधकांविषयीचे ज्ञान ग्राहींच्या सिद्धांताने जितके पुढे गेले तितकेच खाटेशेजारच्या निरीक्षणानेही गेले. संकटात ॲड्रेनॅलीन टाळण्याचा नियम डेल यांच्या प्रयोगातून आला, मीठ-पाणी आणि औषधांचा क्रम अर्बुदाच्या शस्त्रक्रियेतून, निजतेवेळच्या अल्प मात्रेचा नियम मूर्च्छित झालेल्या रुग्णांकडून, तळवे चाचपण्याची रीत महाडच्या खाटांवरून, आणि मोतीबिंदूपूर्वीचा प्रश्न शस्त्रक्रियागृहातून. हे नियम कारणांवाचून पाठ केले तर ते तक्त्यातील रकाने होतात, आणि घाईच्या वेळी प्रथम रकानेच रिकामे राहतात. अध्यापनात औषधिक्रियाविज्ञान एका वर्गात आणि परिचर्या दुसऱ्या वर्गात अशी जी फाळणी रूढ आहे, ती या औषधांपुरती तरी पुनर्विचारास पात्र आहे. रुग्ण निजलेला असताना घेतलेली दाबाची नोंद अर्धीच असते. तो उभा राहिल्यावर घेतलेली नोंद ती पूर्ण करते.